त्र्याऐंशी आणि चौऱ्याण्णव

१

ब्याऐंशीनंतर चौऱ्याऐंशी.

सुमेधाने चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा चढवला आणि बोट ठेवून मोजलं. एक्याऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एकच आकडा घातलेला होता, आणि त्र्याऐंशी नावाचं पान वहीत नव्हतंच. तिने घाईघाईने पुढची पानं उलटली. त्र्याण्णवनंतर पंच्याण्णव. म्हणजे चौऱ्याण्णवही गेलं होतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या आपल्या घराच्या माळ्यावर, त्या मंगळवारी सकाळी, तिने अख्खी वही पहिल्या पानापासून पुन्हा मोजली.

वही तिची स्वतःची असती तर दोन पानांचं एवढं काय? पण ती होती सीमेपलीकडच्या फाल्केनफेन नावाच्या गावातल्या फुटबॉल क्लबची. जर्मन फुटबॉलच्या उतरंडीत हा क्लब इतका खालच्या पायरीवर, की आमच्याखाली फक्त गाईंचं कुरण आहे असं तिथले लोकच हसून सांगत. पण येत्या शनिवारी त्या क्लबला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. १९६१ ते १९७९ या काळातल्या सभांचा वृत्तांत या एकाच वहीत हाताने लिहिलेला होता, आणि ती स्कॅन करून द्यायचं काम सुमेधाने घेतलं होतं. तेरा वर्षांपूर्वी डिपेंडंट व्हिसावर आलेली ही बाई आता ग्रंथालयांची, चर्चची, जुन्या घराण्यांची कागदपत्रं स्कॅन करून देत असे. आजवर तिच्या हातून कुणाची एक चिठ्ठीही गहाळ झाली नव्हती.

वही तिला दिली होती हाइनर टाम्मेन यांनी. वय चौऱ्याहत्तर, क्लबचे एके काळचे गोलकीपर, आणि गेली चाळीस वर्षं क्लबचा इतिहास लिहीत बसलेले. समितीला न विचारता त्यांनी वही स्वतःच्या शब्दावर दिली होती. देताना दोघांनी मिळून पानं मोजली होती. एकशे अठ्ठावीस, एकही कमी नाही.

म्हणजे पानं गेली होती ती गेल्या दहा दिवसांत, आणि तिच्याच घरातून. वही अपुरी परत गेली असती तर समितीचं पहिलं बोट टाम्मेन यांच्याकडे वळलं असतं. ज्या इतिहासासाठी माणसाने आयुष्य घातलं, त्याच्या मुखपृष्ठावरून त्याचं नाव निघालं असतं.

माळ्यावर कोण कोण आलं होतं? ती स्वतः. तिचा नवरा केतन. सतरा वर्षांची लेक मैत्री. आणि गेल्या गुरुवारी, चांगली पंधरा मिनिटं एकटेच, खुद्द टाम्मेन.

२

घरात आणखी एक माणूस होतं, पण ते माळ्यावर जाणं शक्य नव्हतं. या देशातले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्याच, आणि सासऱ्यांचे गुडघे शहात्तर वर्षांचे.

भीमसेन तीन महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आले होते. ही वही घरात आली तीच मुळी त्यांच्यामुळे. कामठीच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळून वाढलेला हा मुलगा एकविसाव्या वर्षी वेल्डिंग शिकायला जर्मनीच्या जहाजकारखान्यात गेला आणि १९७१ ते ७५ फाल्केनफेनकडून डाव्या बाजूला खेळला. शनिवारच्या समारंभाला ते खास पाहुणे होते. मैत्रीने तर शाळेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्पच आजोबांवर घेतला होता. त्याचं नाव तिने ठेवलं होतं, 'ज्याला त्यांनी आपलं मानलं'.

सुमेधा खाली आली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून जुम्बो सुपरमार्केटमधून आणायच्या सामानाची यादी करत होते. नागपूरहून आणलेली शिवलेली शाळकरी वही, पट्टी आणि बॉलपेन. यादी झाली तसं त्यांनी पट्टी लावून पान सफाईने फाडलं, मग वहीचा पुढचा भाग उघडून त्या पानाचं सुटलेलं जोडीदार पानही अलगद ओढून काढलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

"बाबा, तुम्ही ती क्लबची वही पाहिली का हो?"

"टाम्मेनने दिली त्या दिवशी पाहिली न. काहून गं?"

"नंतर नाही?"

"बाई, मी त्या जिन्याकडे मान वर करूनही पाहत नाही." ते हसले, पण यादीवरची नजर काही त्यांनी उचलली नाही. "कोथिंबीर लिहू का?"

तिने कोथिंबीर लिहायला सांगितली आणि पानांचं काहीच सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आनंदाच्या आठवड्यात विरजण कशाला घालायचं?

मैत्री शाळेतून सायकलवर आली ती भिजूनच. आईचा प्रश्न ऐकून ती उखडली. "सीरियसली, मम्मा? मी कशाला पेजेस फाडू? मला फोटो काढता येतात." तिने दप्तरातून आपली तेवीस कड्यांची फाईल काढून टेबलावर आपटली, खटकन उघडली, एक कागद काढला आणि पुन्हा खटकन मिटली. "आय डोन्ट इव्हन ओन अ वही."

"बरं बाई, रागावू नकोस. जर्मन तुला येतं, हे वाचून दाखव." टाम्मेननी वहीबरोबर टंकलेली एक सूची दिली होती, कुठल्या पानावर काय आहे याची.

मैत्रीने बोट फिरवलं. "त्र्याऐंशी. मार्च १९७३, सदस्यत्वाचा प्रश्न. बोरिंग. चौऱ्याण्णव..." ती थांबली आणि आईकडे पाहू लागली. "मम्मा, चौऱ्याण्णव म्हणजे १९७५ची चौकशी आहे. वरच्या लीगमध्ये जायची मॅच ते हरले, त्याची. कुणामुळे हरले माहितीये? गोलकीपर टाम्मेन."

३

बुधवारी सुमेधा गाडी काढून फाल्केनफेनला गेली. फोनवर विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तासाभराचा रस्ता, कालवे तेच आणि गाईही त्याच. पाट्यांची भाषा बदलली म्हणून फक्त देश बदलल्याचं कळायचं.

टाम्मेन मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होते. सगळं ऐकून ते चुन्याच्या गाडीच्या दांड्याला धरून उभे राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "चौऱ्याण्णव गेलं म्हणता? मग समिती म्हणणार, हाइनरने आपलं पाप फाडून टाकलं."

"तुम्ही फाडलंत का?" सुमेधाला विचारायची लाज वाटली, पण विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हाताऱ्याला राग आला नाही. क्लबच्या खोलीत नेऊन त्यांनी तिच्यासमोर आपल्या इतिहासाचं हस्तलिखित ठेवलं आणि एक प्रकरण उघडून दिलं. सुमेधाने फोनवर भाषांतर करत करत ते वाचलं. १९७५च्या त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गोलकीपर बहिणीच्या लग्नात पहाटेपर्यंत पीत बसला होता. दोन गोल त्याच्या पायांमधून गेले. चौकशीत त्याने आजारी असल्याचं खोटं सांगितलं. सगळं नावानिशी, तारखेनिशी, चार पानं भरून लिहिलेलं होतं. चौकशीचा मूळ वृत्तांतही शब्दशः उतरवलेला होता.

"छापायला गेलं आहे हे," टाम्मेन म्हणाले. "जे मी स्वतः छापतोय ते फाडून काय लपवणार? आणि ही वही चाळीस वर्षं माझ्या कपाटात होती, किल्ली माझ्याच खिशात. फाडायचंच असतं तर त्यासाठी तुमच्या घरी कशाला आलो असतो?"

बोलणं बिनतोड होतं. सुमेधाला हायसं वाटलं, आणि लगेचच अस्वस्थही वाटलं. टाम्मेन सुटले होते, पण मग चोर तिच्याच घरातला ठरत होता.

"मग त्र्याऐंशीवर काय होतं?"

टाम्मेननी हस्तलिखित मिटलं. बाहेर आताचा संघ सराव करत होता आणि दाढीवाला एक तरुण कप्तान सगळ्यांना ओरडून ओरडून जागेवर आणत होता. टाम्मेन बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"सदस्यत्वाचा प्रश्न," ते म्हणाले. "सूचीत लिहिलंय."

"ते वाचलं मी. प्रश्न कुणाच्या सदस्यत्वाचा होता?"

"शनिवारी या," एवढंच बोलून ते पुन्हा रेघा मारायला निघून गेले.

४

गुरुवारी दुपारी केतनचा स्लोटरडाइकच्या ऑफिसमधून फोन आला. मंगळवार ते गुरुवार तो आम्स्टरडॅमलाच असे.

"अगं, मला जर्मनमधलं 'गुटन टाग' सोडून काही येत नाही. मी पानं फाडून काय लोणचं घालू?" तो म्हणाला. "आणि मला एक सांग, दोनच का? आणि तीही इतक्या लांबलांबची?"

नेमका हाच प्रश्न तिलाही कालपासून छळत होता. त्र्याऐंशीचं चौऱ्याण्णवशी काहीच नातं नव्हतं. एक १९७३चं, दुसरं १९७५चं. एकात कुणाचं तरी सदस्यत्व, दुसऱ्यात हरलेला सामना. एकाच माणसाला ही दोन्ही पानं कशाला हवी होती?

"बरं, तुझ्या डॉक्टरची वेळ लिहून घे," केतन म्हणाला. तिने टेबलावरची बाबांची शाळकरी वही ओढली, शेवटच्या लिहिलेल्या पानावर वेळ खरडली आणि पान टर्रकन फाडलं. वही उचलून जागेवर ठेवायला गेली, तर तिच्यातून एक कोरं पान निसटून तिच्या पायावर पडलं.

सुमेधा त्या पानाकडे पाहतच राहिली.

"ऐकतेयस ना?" केतन विचारत होता.

"केतन, शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडीदार पान सुटतं."

"सुटतंच. शाळेत त्यासाठी किती छड्या खाल्ल्या मी. त्याचं काय?"

तिने फोन तसाच ठेवला आणि माळ्यावर धावली. क्लबची वही सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवून केलेली होती. तिने एक्याऐंशी ते शहाण्णवचा गठ्ठा उघडला आणि मधला दोरा शोधला. दोरा अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वदच्या मध्ये होता. दोऱ्यापासून मागे मोजत गेली तर सहावं पान त्र्याऐंशी. पुढे मोजत गेली तर सहावं पान चौऱ्याण्णव.

ती दोन पानं नव्हतीच. तो मधोमध दुमडलेला एकच कागद होता. चोराला त्यातलं एकच पान हवं होतं. दुसरं बिचारं जोडीला होतं म्हणून गेलं. लोंबतं पान वहीत तसंच सोडायचं नाही, ते निगुतीने काढून घ्यायचं, ही सवय असलेला माणूस तिने परवाच पाहिला होता.

ती जिना उतरली. टेबलाच्या खणात बाबांनी जमवलेल्या कोऱ्या जोडपानांची चळत होती. कागद वाया घालवायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कामठीच्या घरात एका वहीवर तीन भावंडं शिकली होती. वरून सातवं पान बाकीच्यांहून पिवळं होतं, आणि त्यावर निळ्या शाईत जर्मन अक्षरं होती. कोपऱ्यात पेन्सिलचा आकडा, चौऱ्याण्णव.

५

भीमसेन घरामागच्या कालव्याकाठच्या बाकावर बसले होते. सुमेधाने ते पान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसली.

"हे खणात सापडलं, बाबा. तुमच्या जोडपानांमध्ये."

त्यांनी पानावरून हात फिरवला. "सवयीने ठेवलं गेलं. अन् मला आठवलंही नाही."

"टाम्मेनना हे लपवायचं नव्हतं, त्यांनी छापायला दिलंय. केतन नि मैत्रीला १९७३शी काही देणंघेणं नाही. मार्च १९७३मध्ये फाल्केनफेनला असलेली दोनच माणसं या घरात येऊन गेली. त्यातले टाम्मेन नाहीत." तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पण तुम्ही माळ्यावर गेलात कसे?"

"चढलो कसाबसा, तुम्ही दोघी बाहेर होत्या तेव्हा. उतरताना बसून उतरलो. एकेक पायरी." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "फाडलं अन् फेकायला निघालो. पण लिहिलेला कागद फेकवला नाही माझ्याच्यानं."

मग ते कालव्याकडे पाहत बोलू लागले. कारखान्यात युसूफ नावाचा तुर्की वेल्डर होता. भीमसेनसारखाच डाव्या बाजूला खेळणारा. काही महिने तो सरावाला येत होता, मग त्याने क्लबच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. क्लबने तेव्हा ठरवून टाकलं होतं, संघात परदेशी एकच. युसूफला घ्यायचं तर भीमसेनने जायचं. सभेत अध्यक्षांनी भीमसेनलाच विचारलं, तुमचं मत काय?

"सरावानंतर सगळे सॉसेजच्या टेबलावर बसायचे. युसूफ नाही बसायचा. डुकराचं मांस होतं न त्यात. तो खिडकीशी बसून आपला डबा खायचा. कारण मला चांगलं माहीत होतं. अन् मी उभा राहून बोललो, हा माणूस वेगळा जेवतो, हा आपल्यात मिसळायचा नाही. मग हात वर केला. तेवीस हात होते. त्यातला एक माझा."

सुमेधाने त्यांच्या हातातल्या कागदाची घडी उलगडली. कोपऱ्यात त्र्याऐंशी होतं.

"कामठीच्या शाळेत मला पाणी वरून ओतायचे, बाई. मडक्याला हात लावायची सोय नव्हती. सहा वर्षांचा होतो तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलो. बाबासाहेबांना पाहिलं मी. अन् मीच तिकडे जाऊन दुसऱ्याचं ताट वेगळं काढलं." त्यांनी डोळे पुसले. "कांतानं, तुझ्या सासूनं, जन्मभर मला मोठा माणूस मानलं. तिलाही नाही सांगितलं. आता पोरगी प्रकल्प करते. ज्याला त्यांनी आपलं मानलं. शनिवारी ही वही सगळ्यांसमोर उघडणार होती."

सुमेधाला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "बाबा, पण टाम्मेनवर आळ आला असता त्याचं काय?"

"ते सुचलंच नाही," भीमसेन म्हणाले. "तेव्हा तरी कुठे सुचलं होतं दुसऱ्याचं काय होईल ते!"

"युसूफ आहेत अजून?"

"तीन वर्षांपूर्वी गेला, टाम्मेनकडून कळलं. मैदानापासून दोन गल्ल्या सोडून घर होतं त्याचं. पन्नास वर्षांत एकदाही तो मैदानात आला नाही म्हणे." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "आताचा कप्तान त्याचा नातू आहे."

६

मैत्रीला त्यांनी शनिवारी गाडीत स्वतःच सांगितलं, मराठीतून, एकही शब्द न गाळता. ती सीमेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. मग प्रकल्पाची फाईल उघडून तिने वरचं, नावाचं पान खटकन काढलं. त्याचं काय करायचं ते न सुचून ती ते हातात धरून बसली.

क्लबच्या खोलीत शंभरेक माणसं होती. सुमेधाने टाम्मेनना बाजूला घेऊन दोन्ही पानं हातात दिली. त्यांनी त्र्याऐंशी ओळखलं, वाचायची गरज पडली नाही.

"माझाही हात वर होता," ते म्हणाले. "मी एकवीस वर्षांचा होतो. माझ्या सामन्यावर चार पानं लिहिली मी, आणि युसूफवर एक ओळ. सदस्यत्वाचा प्रश्न. तुमच्या सासऱ्यांनी पान फाडलं. मी ते चाळीस वर्षं न फाडताच लपवलं."

भीमसेनना हार घालायचा बेत होता. त्यांनी तो हाताने थांबवला, पान मागून घेतलं आणि अर्ध्या शतकापूर्वीच्या गंजलेल्या जर्मनमध्ये वृत्तांत वाचला. अर्जदाराचं नाव, स्वतःचं वाक्य, तेवीस हात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी उठूनही गेलं नाही. समितीतल्या एका बाईने टाम्मेनना विचारलं, हे पुस्तकात आहे का? नाही, ते म्हणाले, पण छपाई थांबवतो. सुमेधाला वाटलं, टाम्मेनचं नाव राखलं गेलं, वही पूर्ण झाली, तिचा शब्दही राहिला. पण ज्याच्यासाठी हे व्हायला हवं होतं त्याला आता कुणी सांगायचं?

गर्दीतून दाढीवाला कप्तान पुढे आला. नाव एम्रे. भीमसेन खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. तो शिव्या देईल, तोंड फिरवेल, कशाचीही त्यांनी तयारी ठेवली होती.

एम्रेने ते पान हातात घेतलं आणि आजोबांच्या नावावर बोट ठेवलं.

"आम्हाला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "आजोबा खेळायचे हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. मी मॅचला निघालो की म्हणायचे, फुटबॉलमधलं मला काही कळत नाही." त्याने मान वर केली. "तुम्ही पाहिलंत ना त्यांना? कसे खेळायचे?"

मैत्री आजोबांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. भीमसेननी तिच्याकडे पाहिलं, मग एम्रेकडे.

"माझ्यापेक्षा चांगला," ते म्हणाले. "म्हणूनच."